पाण्याची पारी

एकोडी, ता. साकोली
२३ सप्टेंबर १९७९

दादा,

हे पत्र फाडून टाकायच्या आधी एवढं वाचा, की ते माझ्याबद्दल नाही. तुमच्या सत्यभामेबद्दल आहे. माझी आधीची दोन पत्रं तुम्ही न उघडता परत पाठवलीत. हे तरी शेवटपर्यंत वाचा.

घरी सगळे बरे आहेत. वहिनींचा गुडघा आता दुखत नाही. सत्यभामा साकोलीला अकरावीत जाते, ते वहिनींनी तुम्हाला भिलाईला कळवलंच असेल. पण परवा जे झालं ते वहिनी लिहिणार नाहीत. त्यांना स्वतःच्या लेकीचं कौतुक करवत नाही.

पोळ्यापासून पाण्याचा थेंब नाही. उशिरा पिकणारं भारी धान निसवायला आलं आणि त्याच्या बांध्यांना बोट जाईल अशा भेगा पडल्या. तलावात निम्म्याहून कमी पाणी. ते कोणाला आधी द्यायचं यावर गाव तीन दिवस देवळापुढे भांडलं. तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमाला कुलूप आणि बाहेर सगळ्यांच्या तोंडाला फेस. तिसऱ्या दिवशी घनश्याम पाटलाने फावडा उगारला. वरच्या बांध्यांचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला. मला बहात्तर साल आठवलं. तुम्हालाही आठवेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तेवढ्यात सत्यभामा आली. मागे नवयुवक मंडळाची सहा-सात पोरं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. हातात एक वही. घनश्याम ओरडला, "पोट्ट्यायचं काय काम इथं?"

ती म्हणाली, "आमी चार दिवस बांधी-बांधी फिरलो काका. कोनाचं धान निसवलं, कोनाचं कनीस अजून पोटात हाय, भेग किती रुंद हाय, सारं लिवलं. नावं नाई लिवली. नंबर टाकले. ज्या धानाले आधी तहान, त्याले आधी पानी. वाचून दाखवू का?"

लोक हसले. ती थांबली. हसू संपेपर्यंत थांबली, आणि मग वाचायला लागली.

दादा, मी मागे चिंचेखाली उभा होतो. एकशे अकरा बांध्या. तिच्या यादीत वरचा-खालचा असा भेदच नव्हता. तुमची बांधी चाळीसच्या पुढे. माझी शेवटून तिसरी. वाचून झालं तेव्हा कोणी हसत नव्हतं. लोक आपापल्या धानाचा नंबर ओळखत होते आणि गप्प होत होते, कारण लिहिलेलं खरं होतं.

शेवटी शकुनबाई उठली. तिला नवरा नाही, मुलगा नाही, तिला कोणाची भीती नाही. म्हणाली, "लेकरायले करू द्या. तुमच्या हाती राह्यलं तं तलाव भांडनातच सुकन." तीन दिवस करून पाहू, असं ठरलं. सूर्य मावळला की तुडुम बंद, आणि किल्ली शकुनबाईच्या कमरेला.

हे मंडळ मी काढलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी जे पाहिलं ते मी शिकवलेलं नव्हतं.

तुमचा
गोपीचंद

एकोडी
२ ऑक्टोबर १९७९

दादा,

पत्र परत आलं नाही. म्हणजे उघडलंत. एवढ्यावर मी पुढचं लिहितो.

तीन दिवसांचे आता दहा झाले. गावाने मुदत वाढवली, कोणी तसं बोललं नाही, पण चौथ्या दिवशी सकाळी सगळे आपोआप फावडे घेऊन तलावाच्या पाळीवर आले.

तुम्ही पाहायला हवं होतं. एक जोडी तुडुमावर, पाटाच्या प्रत्येक फाट्यावर एक-एक पोरगं, आणि मधे धावणारी दोघं. सकाळच्या शाळेची पोरं दुपारी, दुपारच्या शाळेची सकाळी. सत्यभामेचं साकोलीचं कॉलेज सकाळी असतं. बसमधून उतरली की घरी न जाता सरळ पाळीवर. कबड्डीची शिटी वाजली की वरच्या बांध्यांना पाणी जायचा नाका बंद, दुसऱ्यांदा वाजली की खालचा उघडा. ऐंशी माणसं, पिकल्या मिशांची, हातात फावडे घेऊन एका पोरीच्या शिटीची वाट पाहत उभी. सहावीतली एक चिमुरडी घनश्याम पाटलाला म्हणाली, "काका, आता नाका बांधा." आणि त्याने बांधला, दादा. चिखल ओंजळीने थापून बांधला. फावडा उगारणारा हाच माणूस.

पाणी मी जन्मभर पाहिलं. पण गावातून असं शांत चाललेलं पाणी पहिल्यांदा पाहिलं. कोणाचा आवाज नाही. फक्त पाटाची खळखळ, आणि भेगांमध्ये पाणी शिरतं तेव्हा जमीन हुंकार देते तसा आवाज. 

मंडळात मी नियम केला होता: दर आठवड्याला कप्तान वेगळा. सर्वांत लाजरा असेल त्याची पारी चुकायची नाही. सत्यभामा बारा वर्षांची होती तेव्हा तिची पहिली पारी आली. उभी राहिली आणि तोंडातून शब्द निघेना. पोरं खिदळायला लागली. मी म्हणालो, "ती बोलेपर्यंत आपण सारे बसून राहू." पाव तास बसलो. शेवटी ती म्हणाली, "उद्या साऱ्यायनं खराटे आना." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी बावीस खराटे आले आणि शाळेचं आवार झाडून निघालं. तेव्हा तिने त्या बावीस खराट्यांकडे असं पाहिलं, जसं काही तिच्या तोंडून निघालेल्या शब्दाला पाय फुटले.

पण मला जे लिहायचं आहे ते हे नाही.

परवा, रविवारी, देवळापुढे रोजची बैठक होती. मंडळाची पोरं संध्याकाळी चार वाजता रोज हिशेब देतात, कोणाला किती वेळ पाणी मिळालं याचा. सत्यभामा उभी राहिली. वही मिटलेली, शेजारी तिचा मंडळातला जोडीदार इश्वर. म्हणाली, "काल खालच्या फाट्यावर भांडन झालं. मी तुडुम सोडून तिकडं धावली. आल्यावर वेळ लिवाचा राह्यला, तं मी अंदाजानं लिवला. आज सकाळी इश्वरसंगं पुन्हा जोडून पाह्यलं. नत्थू आजाच्या बांधीले अर्धा तास पानी कमी गेलं. चूक माझी हाय. इश्वरची नाई, कोनाचीच नाई. माझी."

नत्थू आजाला घड्याळ कळत नाही. तो कधी बोलला नसता. कोणालाच कळलं नसतं. आजा उठून म्हणाला, "जाऊ दे ना बेटी, अर्ध्या तासानं काय होते?"

ती म्हणाली, "होते आजा. तुमचं धान पोटात हाय. उद्या आमच्या बांधीची पारी हाय, त्यातला अर्धा तास तुमचा." आणि मग सगळ्यांकडे वळून, "कोनाले वाटत असन का मी हे काम करू नये, तं आत्ता सांगा. मी इश्वरले देतो."

ऐंशी माणसं होती.  मग घनश्याम पाटील म्हणाला, "तूच कर बेटी." 

तिने वही उघडली आणि नत्थू आजाचा अर्धा तास लिहून घेतला.  

मी बैठक संपायच्या आधी उठून घरी आलो. बायकोने विचारलं, "काहून आले?" मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

गोपीचंद

एकोडी
९ ऑक्टोबर १९७९

दादा,

हे लिहायला मला सात वर्षं आणि एक आठवडा लागला.

बहात्तरचं तुडुम मी उघडलं. तुम्हाला हे माहीत आहे. मलाही माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी गावाने तुडुमाची किल्ली तुमच्याकडे ठेवली होती, खुंटीला टांगलेली, आणि घरात आपण दोघंच पुरुष. साकोलीचा बाजार होता, गाव रिकामं होतं. भर दुपारी मी आपल्या बांध्या भिजवून घेतल्या. आपल्या, म्हणजे दोघांच्या. मनाला हेच सांगत होतो की दोघांच्याच आहेत.

संध्याकाळी गाव बसलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्या नाई उघडलं." एवढंच म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मग कोणीतरी मला विचारलं आणि मी खाली पाहिलं. दादा, मी बोटाने मातीत रेघ ओढत होतो, ती रेघ मला अजून दिसते. तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर मी तेव्हाच कबूल झालो असतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. तुम्ही वाट पाहत होतात आणि मी बोललो नाही.

लोकांनी तुम्हाला पाणीचोर म्हटलं. महिन्याभरात तुम्ही भिलाईला निघून गेलात.

मंडळ मी का काढलं असं लोक विचारतात तेव्हा मी भंडाऱ्याच्या शिबिराचं सांगतो. शिबिराला गेलो होतो हे खरं. पण खरं कारण हे, की घरात बसवत नव्हतं. तुमची पोरगी अंगणात खेळायची आणि मला पाहून "काकाजी" म्हणून धावत यायची. तिला काहीतरी द्यावं असं वाटायचं. मग साऱ्या पोरांना जमवून मी उभं राहायला शिकवलं, बोलायला शिकवलं, ऐकून घ्यायला शिकवलं. चूक कबूल करा, हे मी कधीच शिकवलं नाही. त्या विषयाकडे मी जायचोच नाही. ते ती कुठून शिकली, मला ठाऊक नाही.

सोळा वर्षांची पोरगी ऐंशी माणसांत उभी राहून "माझी" म्हणाली. अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे.

गोपीचंद

एकोडी
१५ ऑक्टोबर १९७९

दादा,

काल मी सांगितलं.

आधी वहिनींना सांगायला गेलो. त्या तांदूळ पाखडत होत्या. मी पूर्ण बोलायच्या आतच म्हणाल्या, "मले माहीत हाय भाऊजी. त्यायनं मले जातानाच सांगतलं होतं."

मी विचारलं, "मंग सत्यभामेले तुमी माझ्या मंडळात काहून येऊ दिलं?"

सूप खाली ठेवलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "तिचा बाप दूर गेला. तिले एक काका तरी चांगला असू द्यावा म्हनून तिले नाई सांगतलं. तुमी पोट्ट्यायले चांगलं शिकवत होते. मी पाहून राह्यली होती."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं नाही, ढकललंही नाही.

चार वाजता बैठक. सत्यभामेने वेळा वाचल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, "आनखी कोनाले बोलाचं हाय?"

मी उभा राहिलो. ज्या जागी सात वर्षांपूर्वी बसलो होतो, त्या जागेच्या दोन हात अलीकडे. सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस, किल्ली, मातीतली रेघ.  ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण पहिल्या वाक्यानंतर मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

मी बसलो.  सगळे तिच्याकडे पाहत होते, कारण पाण्याच्या कामासाठी पोरांनी तिलाच अध्यक्ष केलं होतं. मला वाटलं, ती रडेल. मला वाटलं, ती वही फेकेल माझ्या अंगावर. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

तिने वहीत लिहिलं. शांतपणे, ओळ पूर्ण होईपर्यंत. मग वही मिटली आणि म्हणाली, "हा माझ्या घरचा मामला हाय. माझ्या बाबाचा. माझ्यानं यात अध्यक्ष राहनं बरोबर नाई. इश्वर, तू ये."

वही इश्वरच्या हाती दिली आणि खाली, बायांमध्ये, वहिनींच्या शेजारी जाऊन बसली.

दादा, माझ्या आयुष्यात मी मोठे पुढारी पाहिले. व्यासपीठावर चढायला धक्काबुक्की करणारे पाहिले. आपणहून उतरणारं माणूस मी काल पहिल्यांदा पाहिलं. तेही अशा वेळी, जेव्हा माझा न्याय करायचा हक्क साऱ्या गावात तिचा एकटीचा होता.

इश्वर पंधराचा आहे, अजून आवाज फुटतोय. पण उभा राहिला. म्हणाला, "भोजराज काकाले तवा कोन-कोन पानीचोर म्हनलं होतं? हात वर करा." तुम्हाला खरं वाटणार नाही. एक हात वर आला, मग दुसरा. मग मोजता येईनात. घनश्याम पाटलाचा होता. नत्थू आजाचा होता. इश्वर म्हणाला, "मंग हे फक्त गोपीचंद काकाचं नाई. गावाचंही हाय. गावानं पत्र लिवाचं का भोजराज काकाले?" ठरलं. मंडळाच्या कागदावर, गावाच्या सह्या-अंगठ्यांनी. ते पत्र तुम्हाला या पत्राआधीच मिळेल. माझ्याबद्दल ठरलं ते हे, की मी मंडळाचा सल्लागार राहायचं नाही. पोरांमध्ये बसायचं असेल तर सगळ्यांसारखं खाली बसायचं. इश्वरने मला विचारलं, "काका, मंजूर?" मी म्हणालो, "मंजूर."

सत्यभामा माझ्याशी बोलली नाही. घरी जाताना बोलली नाही, सायंकाळी अंगणात दिसली तेव्हा बोलली नाही.

आज सकाळी माझं दार वाजलं. ती उभी होती, खांद्यावर कॉलेजची पिशवी, डोळे सुजलेले. मला "काकाजी" म्हणाली नाही. म्हणाली, "आज एकशे नऊ नंबरची पारी हाय. फावडा घेऊन साडेआठले नाक्यावर या." आणि गेली.

मी गेलो. पोरांनी माझ्या बांधीला पाणी दिलं. एक मिनिट कमी नाही. मी पाण्यात उभा होतो आणि पाणी माझ्या पायांवरून धानाकडे जात होतं, आणि मला रडू आवरेना. पाटावरचं पोरगं घाबरून विचारत होतं, "काका, इंगळी चावली का?"

गोपीचंद

एकोडी
३० ऑक्टोबर १९७९

दादा,

दिवाळी झाली. धान उभं आहे. सगळ्यांचं नाही, शेवटच्या दहा-बारा बांध्यांना पुरेसं गेलं नाही, त्यात माझी अर्धी आहे. पण कोणी बोट दाखवलं नाही, कारण वही सगळ्यांनी पाहिली आहे. तुमच्या बांधीचं धान खाली वाकलंय. वहिनी रोज बांधावर जाऊन येतात.

तुमचं कार्ड शनिवारी आलं.

माझ्या नावाने नाही आलं याचं मला वाईट वाटलं नाही. वहिनींच्या नावानेही नव्हतं. पोस्टमनने ते मंडळाच्या खोलीत नेऊन दिलं, कारण पत्त्यावर तुमच्या हाताने लिहिलेलं होतं: अध्यक्ष, नवयुवक मंडळ, एकोडी.

रविवारच्या बैठकीत तिने ते वाचलं. आता ती पुन्हा अध्यक्ष आहे, पोरांनी एकमताने बसवलं. आधी धान कापणीच्या मजुरांचं बोलणं झालं, मग शाळेच्या कुंपणाचं. सगळं क्रमाने. मग तिने कार्ड काढलं आणि इतर अर्ज वाचते तसंच वाचलं: "भोजराज, राहणार भिलाई, मूळ गाव एकोडी, यायनं पुढच्या रविवारच्या सभेत बोलाची परवानगी मागतली हाय." इथे थांबली. पाण्याचा घोट घेतला. "कोनाची हरकत?"

मी खाली, पोरांच्या मागे, मातीत बसलो होतो. कोणीही हात वर केला नाही. शकुनबाई मात्र उठून उभी राहिली आणि बसायचंच विसरली.

"हरकत नाई," सत्यभामा म्हणाली, आणि लिहून घेतलं. मग वही मिटून, कोणाकडेही न पाहता, पटकन देवळाच्या मागे गेली. वहिनी तिच्या मागे गेल्या. बैठक पुढे इश्वरने चालवली.

काल संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. वही मांडीवर उघडली.   मग म्हणाली, "काकाजी, बाबाले सभेत पहिले बोलू द्याव का शेवटी? पहिले बोलले तं त्यायले घाबरल्यासारखं होईन. शेवटी ठेवलं तं बसून राहा लागन."

मी म्हणालो, "तू अध्यक्ष हायेस. तू ठरव."

तिने ठरवलंय. तुमचा नंबर तिसरा आहे. तुमच्या आधी कुंपणाचे खांब आणि नत्थू आजाची बैलाची तक्रार.

रविवारी, चार तारखेला, दुपारी चार वाजता. साकोलीहून अडीचची बस धरा. तिच्या पुढची बस पाचला पोचते, आणि दादा, सत्यभामा कोणासाठी सभा थांबवत नाही.

गोपीचंद